‘ओव्हर अँड आऊट’ म्हणणारा नेमकं काय म्हणतो?

सह्याद्रीतल्या बचावमोहिमेवर लघुपट करायचा आहे, पात्रांच्या हातात वॉकीटॉकी आहेत, आणि प्रश्न असा आहे: ‘रॉजर’, ‘कॉपी दॅट’, ‘टेन-फोर’, ‘मेडे’, ‘ओव्हर अँड आऊट’ हे सिनेमांमुळे आपल्या कानात बसलेले शब्द मुळात आले कुठून, खरे रेडिओवाले ते वापरतात का, आणि आपल्या पात्रांनी काय बोलावं?

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो, कारण त्याचा निकाल लगेच लागतो. ‘ओव्हर अँड आऊट’ चूक आहे.

साधा वॉकीटॉकी एका वेळी एकच काम करतो. बाजूचं बटण दाबलं की बोलतो, सोडलं की ऐकतो. फोनवर करतो तसं मधूनमधून ‘हं, हं’ करायची सोय नाही. समोरच्याचं बोलणं संपलंय, का तो नुसता दम खातोय, हेही कळत नाही. म्हणून ‘ओव्हर’: माझं झालं, बटण सोडतोय, आता तुम्ही बोला. ‘आऊट’ म्हणजे माझं झालं, उत्तर नको, बोलणं बंद. दोन्ही एका दमात म्हणायचं तर पाहुण्याला ‘बसा जेवायला’ म्हणून त्याच्यासमोरचं ताट उचलून न्यायचं. पटकथेत ते टिकलं, कारण प्रसंग संपवायला खटकेबाज शेवट मिळतो आणि प्रेक्षकाला समजतं की आता दृश्य बदलणार. गंमत म्हणजे विमानवाहतुकीत तर ‘ओव्हर’ आणि ‘आऊट’ हे दोन्ही शब्द व्हीएचएफवर, म्हणजे विमानं आणि मनोरे एरवी बोलतात त्या रेडिओपट्ट्यावर, सहसा वापरायचे नाहीत असाच संकेत आहे. आवाज स्वच्छ असतो, वाक्यं ठरलेली आणि आखूड असतात, कुठे संपलं ते ऐकूनच कळतं. वैमानिकाच्या तोंडी दर वाक्याला ‘ओव्हर’ घातलं की जाणकार प्रेक्षक तिथेच हसतो. डोंगरात, खरखरीत, अनोळखी माणसांमध्ये मात्र ‘ओव्हर’ला आजही काम आहे.

बाकीच्या शब्दांचंही असंच आहे. त्यातला प्रत्येक शब्द यंत्रातल्या नाहीतर वाटेतल्या एखाद्या दोषावर काढलेला तोडगा होता. तो दोष कुठला हे कळलं की शब्द कधी वापरायचा हे वेगळं शिकावं लागत नाही.

‘रॉजर’ घ्या. मोर्सच्या काळात संदेश पूर्ण मिळाला की ऑपरेटर एकच अक्षर ठोकायचा: आर, म्हणजे ‘रिसीव्ह्ड’. डिट-डा-डिट, काम झालं. पुढे माणसं तोंडाने बोलू लागली तेव्हा नुसतं ‘आर’ खरखरीत विरून जायचं, म्हणून अक्षराऐवजी त्याचा ठरलेला शब्द म्हणायची पद्धत आली. अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या १९४१ च्या वर्णमालेत एबल, बेकर, चार्ली, डॉग अशा ओळीत ‘आर’साठी शब्द होता रॉजर. ब्रिटिश हवाई दलाच्या त्याआधीच्या वर्णमालेत तिथे रॉबर्ट होता. महायुद्धात दोस्तांनी अमेरिकी वर्णमाला एकत्र वापरायचं ठरवलं म्हणून, नाहीतर आज हिंदी सिनेमातला कमांडो ‘रॉबर्ट दॅट’ म्हणत असता.

१ मार्च १९५६ पासून आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत आजची अल्फा, ब्राव्हो, चार्ली वर्णमाला लागू झाली आणि ‘आर’चा शब्द रोमिओ झाला. वर्णमाला बदलली, पण पोच देणारा रॉजर हलला नाही. तोवर तो अक्षराचा राहिलाच नव्हता. जुन्या वर्णमालेचे असे अवशेष आपल्याकडेही भेटतात. मुंबईत पोलिसांच्या गस्तीच्या गाडीला ‘पीटर मोबाइल’ म्हणतात. १९४१ च्या त्या यादीत ‘पी’चा शब्द पीटरच होता, आज तो पापा आहे.

इथे एक चूक फार होते. रॉजर म्हणजे ‘हो’ नव्हे आणि ‘करतो’ही नव्हे. रॉजर म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं, एवढंच. ‘करतो’साठी शब्द आहे ‘विल्को’, ‘विल कम्प्लाय’चं आखूड रूप. ऐकल्याशिवाय करणार कसं, म्हणून विल्कोमध्ये रॉजर आलंच. सिनेमातलं ‘रॉजर विल्को’ म्हणजे ‘मिळालं, मिळालं, आणि करतो’. ‘हो’साठी ‘अफर्मेटिव्ह’ आणि ‘नाही’साठी ‘निगेटिव्ह’ असं बहुतेकांना माहीत असतं, पण विमानवाहतुकीत ‘अफर्मेटिव्ह’ही सोडून दिलंय. सुरुवात कापली गेली तर दोन्हींचं शेपूट सारखंच ऐकू येतं: ‘…टिव्ह’. हो आणि नाही यांत एवढं साम्य परवडत नाही, म्हणून तिथे नुसतं ‘अफर्म’ म्हणतात. ‘रिपीट’चंही तसंच. नीट ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे ‘त्याच जागी पुन्हा मारा करा’. युद्धपटात सैनिक ‘रिपीट, रिपीट’ ओरडतो तेव्हा तो खरं तर आणखी गोळे मागवतोय.

हा काटेकोरपणा चोचले वाटत असतील तर २७ मार्च १९७७ चा, स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावरचा अपघात बघा. दाट धुकं, धावपट्टीवर दोन जम्बो. त्यांतल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानातून सांगितलं गेलं, ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’. मनोऱ्याला वाटलं विमान जागेवर थांबलंय. प्रत्यक्षात ते धावायला लागलं होतं. मनोरा म्हणाला ‘ओके’, क्षणभर थांबला, आणि मग ‘टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगतो’. त्याच क्षणी दुसऱ्या, पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या विमानातून ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं कुणीतरी बोललं. विमानांचा रेडिओ एएम या जुन्या प्रक्षेपणपद्धतीवर चालतो, आणि एएमवर दोन प्रक्षेपणं एकावर एक चढली की ऐकणाऱ्याला शब्द सोडून शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचलं ते ‘ओके’. ५८३ माणसं गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा असा नियम झाला, एरवी ‘डिपार्चर’. ‘ओके’ तर ठरलेल्या शब्दांत कधी नव्हतंच.

आता ‘मेडे’. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० च्या दशकात फ्रेडरिक स्टॅनली मॉकफर्ड नावाचे वरिष्ठ रेडिओ अधिकारी होते. संकटात सापडलेल्या विमानाने तोंडी काय म्हणावं, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. ‘एसओएस’ होतंच, पण ते मोर्ससाठीचं. जर्मनीत १९०५ पासून आणि आंतरराष्ट्रीय करारानुसार १९०८ पासून लागू झालेला तो नऊ ठोक्यांचा, मधे कुठेही खंड नसलेला एकसंध ठेका आहे. ‘सेव्ह अवर सोल्स’ वगैरे विस्तार लोकांनी मागाहून जोडले. तोंडाने म्हणायला ‘एसओएस’ वाईट, कारण ‘स’ हा नुसता वाऱ्याचा आवाज. त्याचा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो, आणि टेलिफोन किंवा बोलण्याचा रेडिओ साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढंच पुढे पाठवतो. राहतो तो मधला ‘ओ’. क्रॉयडनची बहुतेक वर्दळ पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी होती, तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही उच्चारता येईल असा शब्द हवा होता. फ्रेंच ‘मेदे’, म्हणजे ‘मला मदत करायला’, त्यावरून ‘मेडे’. १९२७ च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेत ते अधिकृत झालं. १ मेच्या कामगार दिनाशी त्याचं काही नातं नाही.

त्याचा वापरही ठरलेला आहे. तीनदा मेडे, मग ‘धिस इज’ आणि आपलं नाव, जागा, काय झालंय, कसली मदत हवी, माणसं किती. तीनदा का, तर कुणी दुसऱ्याच्या मेडेबद्दल बोलत असेल तर ते वेगळं ओळखू यावं. समुद्रावर व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, विमानांसाठी १२१.५. जीव धोक्यात नसेल पण अडचण असेल तर ‘पॅन-पॅन’, हेही तीनदा, आणि हेही फ्रेंच ‘पान’वरून, म्हणजे बिघाड. सिनेमात पॅन-पॅन जवळजवळ कधीच येत नाही. एका इंजिनातून धूर निघाला तरी थेट मेडे. तुमच्या डोंगरातल्या प्रसंगात दोन्ही नकोत. पाय मोडलेल्या माणसासाठी आपल्याकडचा कुठलाही बचावगट मेडे पुकारत नाही.

‘टेन-फोर’ची कुळकथा मला सगळ्यांत आवडते, कारण ती पूर्ण यांत्रिक आहे. १९३७ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्य पोलिसांच्या दहाव्या जिल्ह्यात, पिसोटम गावच्या ठाण्यात, चार्ल्स हॉपर हे संपर्कप्रमुख होते. पोलिसांच्या गाडीतला रेडिओ व्हॅक्यूम ट्यूबचा. ट्यूबना काहीशे व्होल्ट लागायचे आणि गाडीची बॅटरी जेमतेम सहा व्होल्टची. मधे बसवलेला असायचा डायनामोटर: एकाच दांड्यावर एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला जनित्र. बॅटरीवर मोटर फिरायची, तिच्याबरोबर जनित्र फिरून मोठा व्होल्टेज द्यायचं. बोलायचं बटण दाबलं की हा डायनामोटर शून्यापासून वेग घ्यायचा. पूर्ण वेगाला यायला सेकंदाचा काही अंश लागायचा, आणि तोवर बाहेर पडणारा आवाज अर्धमेला. म्हणजे पहिला शब्दावयव गेलाच. शिपायांना शिकवलं जायचं की बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. पण पाठलाग चालू असताना थांबतो कोण?

हॉपरनी यावर काढलेला उपाय असा की ठरावीक संदेशांना आकडे द्यायचे आणि प्रत्येक आकड्याआधी ‘टेन’ म्हणायचं. यंत्राला पहिला घास हवाच असेल तर ‘टेन’ खाऊ दे. अर्थ पुढच्या आकड्यात आहे, तो शाबूत पोचतो. शिवाय एकाच चॅनलवर अनेक गाड्या असल्याने बोलणं आखूड हवंच होतं. १९४० मध्ये पोलिसांच्या संपर्क अधिकाऱ्यांच्या संघटनेने, ॲपकोने, ही यादी छापली. १०-४ म्हणजे मिळालं, १०-२० म्हणजे ठिकाण. पुढे बोलीत ‘टेन’ गळून ‘व्हॉट्स युअर ट्वेंटी’ उरलं. ज्या अवयवाचा बळी द्यायचा म्हणून तो जोडला, तोच शेवटी लोकांनी स्वतःहून काढला.

पोलिसांच्या यादीतलं हे घराघरांत नेलं ते टीव्हीने. १९५५ ते १९५९ मध्ये ‘हायवे पेट्रोल’ नावाची मालिका चालली. तिचा नायक ब्रॉडरिक क्रॉफर्ड गाडीला रेलून, हातात माईक घेऊन इतक्यांदा ‘टेन-फोर’ म्हणायचा की पोरं गल्लीत तेच खेळू लागली. खऱ्या पोलिसांना मात्र या आकड्यांनी पुढे रडवलं. प्रत्येक खात्याने आपापली यादी केली. ॲपकोच्या धाटणीच्या याद्यांत १०-१३ म्हणजे रस्ता आणि हवामान कसं आहे ते सांगा. न्यू यॉर्क पोलिसांत १०-१३ म्हणजे आपला माणूस संकटात आहे, धावा. एकाच दुर्घटनेवर तीन खात्यांची माणसं आली की काय गोंधळ होईल ते सांगायला नको. म्हणून २००६ पासून अमेरिकी केंद्र सरकारने मोठ्या, अनेक खात्यांच्या प्रसंगांत साधी भाषाच बोलायची अट घातली. थोडक्यात, २०२० च्या दशकातल्या मराठी पात्राच्या तोंडी ‘टेन-फोर’ घालायचं तर ते पात्र अमेरिकी सिनेमे फार बघतं, एवढंच त्यातून सिद्ध होईल.

या शब्दांचा खरा पूर आला तो सीबीमुळे. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सर्वसामान्यांसाठीचा रेडिओ. अमेरिकेत सप्टेंबर १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची २३ चॅनलं त्यासाठी मोकळी झाली. ताकद फक्त ४ वॉट, म्हणजे सपाट हमरस्त्यावर काही मैलांपर्यंत आवाज जाणार. बरीच वर्षं ते दुकानदार, शेतकरी, दुरुस्तीवाले यांच्याच कामाचं होतं. मग १९७३ चं तेलसंकट आलं. डिझेल महागलं, पंप कोरडे पडले, आणि जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागली, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. मैलावर पैसे घेणाऱ्या ट्रकवाल्याच्या पोटावरच पाय. त्यांनी सीबी घेतले. कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि पोलिस कुठे दबा धरून बसलेत, या दोन बातम्या त्यावरून फिरू लागल्या.

पोलिसही ऐकतात हे माहीत असल्याने भाषा आडवळणी झाली. अमेरिकी राज्य पोलिसांची टोपी रुंद काठाची. जंगलातल्या वणव्यांविरुद्धच्या सरकारी मोहिमेतलं स्मोकी नावाचं अस्वल तशीच टोपी घालायचं. म्हणून पोलिस म्हणजे ‘स्मोकी’ किंवा नुसतं ‘बेअर’. विमानातून वेग मोजणारा पोलिस ‘बेअर इन द एअर’, चिन्हं नसलेली पोलिसगाडी ‘प्लेन रॅपर’, ट्रकच्या वजनाचा काटा ‘चिकन कूप’, म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. मधे बोलायचं असेल तर ‘ब्रेकर’ आणि चॅनलचा नंबर, बहुधा १९. ‘ब्रेक’ म्हणजे मला मधे घुसू द्या, हा जुन्या रेडिओ शिस्तीतला शब्द. सीबीवाल्यांनी त्याला ‘अर’ लावून माणूस केलं. ‘गुड बडी’ प्रेमाने सुरू झालं आणि पुढे ट्रकवाल्यांतच टोमणा होऊन बसलं. जुना सिनेमा बघून ते आजच्या ट्रकवाल्याला म्हणू नये.

नियमानुसार परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे त्याबरोबर मिळालेली ओळखखूण, लागायचं, पण वेगमर्यादा मोडायची योजना आखताना स्वतःचा परवाना क्रमांक कोण सांगेल? म्हणून टोपणनावं आली, त्याला शब्द ‘हँडल’. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचंही हँडल होतं, ‘फर्स्ट ममा’. १९७५ च्या शेवटी सी. डब्ल्यू. मॅकॉल या नावाने ‘कॉन्व्हॉय’ हे गाणं आलं आणि जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक प्रत्यक्षात ओमाहाच्या जाहिरात क्षेत्रातले बिल फ्राइझ, ट्रकवाले नव्हेतच. पण गाणं जवळजवळ सगळं सीबीच्या भाषेत, आणि कधी ट्रकमध्ये पाय न ठेवलेल्या लाखो लोकांना ती भाषा त्यातून मिळाली. गर्दी इतकी झाली की १ जानेवारी १९७७ पासून चॅनलं ४० करावी लागली, आणि १९८३ मध्ये परवाना ठेवणंच सोडून दिलं.

त्या ४० चॅनलांचा पुढचा मुक्काम तुमच्या खिशात आहे. १९८० मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने संगणकावर एकत्र गप्पा मारायची सेवा काढली. नाव ‘सीबी सिम्युलेटर’. त्यात चॅनलंसुद्धा ४०, आणि माणसं हँडल घेऊनच यायची. ‘माझं ट्विटर हँडल’ म्हणताना आपण ट्रकवाल्याचा शब्द बोलतो. आपल्याकडे २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ वॉटपर्यंत २००५ पासून परवान्याची गरज नाही, पण ट्रकवाल्यांत सीबी कधी रुजला नाही. डिपर आणि हॉर्न यांवरच आपला कारभार चालतो, आणि त्या भाषेचाही एक कोश व्हायला हरकत नाही.

तारयंत्राच्या काळातून आलेले शब्द हॅम लोकांनी, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांनी, जपले. ‘कॉपी’ त्यांतलाच. मोर्स ऐकत कागदावर उतरवून घेणं म्हणजे कॉपी करणं; ‘यू कॉपी?’ म्हणजे लिहून झालं का. ७३ म्हणजे सप्रेम शुभेच्छा, ८८ म्हणजे प्रेमाचे मुके. अमेरिकी तारकंपन्यांत १९ व्या शतकात असे आकडे ठरले, आणि बातमीच्या शेवटी पत्रकार लिहायचे ते ‘३०’ त्याच घरातलं. ‘हॅम’ हा शब्द सुरुवातीला शिवी होती: ज्याचा हात जड, ठोके वेडेवाकडे, तो हॅम. हार्वर्डच्या तीन मुलांच्या आडनावांवरून तो बनला ही गोष्ट फार फिरते. ती खोटी आहे. ‘फाइव्ह-नाइन’ हा ऐकू आलेल्या सिग्नलवरचा शेरा, म्हणजे स्पष्टता पाचपैकी पाच, ताकद नऊपैकी नऊ.

युद्धातल्या शब्दांवर फार थांबत नाही. ब्रिटिश वैमानिकांचं ‘एंजल्स १२’ म्हणजे १२,००० फूट उंची. व्हिएतनाममधलं ‘चार्ली’ म्हणजे व्हिएतकाँग या कम्युनिस्ट गनिमांच्या ‘व्हीसी’चं व्हिक्टर चार्ली, त्याचं अर्धं. व्हिडिओ गेममधलं ‘ऑस्कर माइक’ म्हणजे ‘ऑन द मूव्ह’. नौदलाचं ‘ब्राव्हो झुलू’, म्हणजे शाबास, हे मूळ संकेतपुस्तकातलं. भारतीय नौदलातही ते चालतं.

एक आवाज मात्र बघण्यासारखा आहे, तो म्हणजे अंतराळवीरांच्या बोलण्याआधी-नंतर येणारी ‘बीप’. ती चंद्रावरून येत नव्हती. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षातून माणूस बोलायचा आणि त्याचा आवाज टेलिफोनच्या तारेने जगभरच्या केंद्रांवरच्या प्रक्षेपकांपर्यंत जायचा. तिथलं बटण दुरून दाबायला आणि सोडायला दोन सूर वापरायचे: चालू करायला २,५२५ हर्ट्झ, बंद करायला २,४७५, प्रत्येकी पाव सेकंद. नाव क्विंडार टोन. म्हणजे ती फक्त पृथ्वीवरच्या बोलण्याला चिकटलेली. सिनेमात मात्र अंतराळवीर बोलतानाही वाजते. आणि अपोलो १३ वरून ‘ह्यूस्टन, आम्हाला अडचण आली होती’ अशा अर्थाचं भूतकाळी वाक्य बोललं गेलं. वर्तमानकाळ १९९५ च्या सिनेमाने केला, आणि जगाच्या लक्षात तोच राहिला.

आता तुमचा प्रसंग. हॉपरचा डायनामोटर गेला, पण पहिला अवयव गिळणारे आजही आहेत. हातातला सेट रिपीटरवरून, म्हणजे आवाज पकडून पुढे फेकणाऱ्या उंचावरच्या यंत्रावरून, बोलत असेल तर आधी तुमच्या प्रक्षेपणातला ओळखसूर रिपीटरला कळावा लागतो, मग समोरच्या सेटचा स्पीकर उघडतो. त्यात सहज पाव-अर्धा सेकंद जातो. मराठीत त्याचा फटका जास्त बसतो, कारण आपलं ‘हो’ एकाच अवयवाचं. घाईने दाबून म्हटलं तर अख्खं गडप. ‘होय, बरोबर’ म्हणायला लावा. पात्राने बटण दाबावं, मनात एक म्हणावं, मग बोलावं. माईक तोंडापासून तीन-चार बोटं, जरा तिरका, म्हणजे श्वास थेट त्यावर फुटत नाही. नटाने बटण दाबून लगेच ओरडायचं आणि सेटवरून मात्र सगळं स्वच्छ यायचं, हे फार बघायला मिळतं.

आकड्यांकडे खास लक्ष द्या. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतला फरक शेपटात आहे. शेपूट तुटलं की दहाची चूक. ‘त्रेपन्न’, ‘त्रेसष्ट’ तसेच. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन एकमेकांसारखे ऐकू येतात म्हणून ‘फाइफ’ आणि ‘नायनर’ म्हणतात. आपला उपाय त्याहून सोपा, आकडा सुटा म्हणायचा: पाच, नऊ. आणि दरीत उतरलेल्या माणसाचा आवाज पायथ्याच्या बेसला थेट मिळत नाही, कारण मधे डोंगर. धारेवर एक माणूस बसवावा लागतो, तो दोन्हीकडचं शब्दशः पोचवतो. पटकथेत हे पात्र घाला. चुकीच्या निरोपाचं नाट्य फुकट मिळेल.

हाक मारताना आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, तेही दोनदा, मग आपलं. माणसाचं लक्ष स्वतःच्या नावाने वेधतं, दुसऱ्या नावाने कोण बोलतंय ते कळतं. साधारण असं:

‘बेस, बेस, टीम दोन. ओव्हर.’

‘टीम दोन, बेस. बोला. ओव्हर.’

‘माणूस सापडला. शुद्धीवर आहे. उजवा पाय मोडलाय. स्ट्रेचर आणि चार जण पाठवा. ओव्हर.’

‘रॉजर. स्ट्रेचर, चार जण. उंची सांगा. ओव्हर.’

‘आठ, सहा, पाच मीटर. परत सांगतो, आठ, सहा, पाच. ओव्हर.’

‘आठ, सहा, पाच. माणसं निघाली. जागा सोडू नका. ओव्हर.’

‘इथेच थांबतो. आऊट.’

बेसने रॉजरवर न थांबता मजकूर उलट म्हणून दाखवला, हे सोडू नका. चूक झाली असेल तर ती तिथेच पकडली जाते. शेवटी ‘विल्को’ नियमाला धरून होतं, पण ते आपल्या डोंगरात कुणी म्हणत नाही, ‘थांबतो’ म्हणतात. आणि ‘आऊट’ टीम दोनने म्हटलंय, कारण हाक त्यांनी मारली होती. ते म्हटल्यावर नटाने सेट कानाशी धरून ठेवायचा नाही. आवाज कमी न करता छातीवरच्या पट्ट्याला अडकवायचा आणि जखमी माणसाकडे वळायचं.